बोल्टचं डोकं इंग्रज, आटे फ्रेंच

(ज्येष्ठ नागरिकांच्या मासिक सभेतल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. हा एक बोल्ट पहिल्या रांगेपासून फिरवतोय. हातात घ्या, बघा आणि पुढे द्या. कृपया खिशात घालू नका. तो काय आहे ते मग सांगतो.

बाहेर फळ्यावर विषय लिहिलाय, ‘जुनी गाडी जपावी की पळवावी?’ माझं उत्तर, पळवावी. त्याची तीन कारणं आणि दोन सूचना माझ्याकडे आहेत. पण आधी इंग्लंडातल्या गुडवुडला, जुन्या गाड्यांच्या शर्यती बघायला, जाऊन येऊ, नाहीतर ती कारणं कोरडी वाटतील.

2024 साली गणेश चतुर्थी 7 सप्टेंबरला, शनिवारी आली. नेमकं त्याच शनिवार-रविवारी इंग्लंडात गुडवुड रिव्हायवल, आणि मी लेकीकडे रेडिंगला. आता काय करता? पहाटे साडेपाचला प्राणप्रतिष्ठा केली, गुरुजी यूट्यूबवर. ‘सुखकर्ता’ घरात झाली, ‘दुर्गे दुर्घट’ गाडीत. आमच्या मंडळी तिसऱ्या रांगेत बसल्यात. त्यांचं या बाबतीत वेगळं मत आहे आणि ते मला आज घरी पुन्हा ऐकायला मिळेल.

गुडवुड हे ससेक्समध्ये, चिचेस्टरच्या जवळ. युद्धाच्या काळात तिथे वेस्टहॅम्पनेट नावाचा हवाई तळ होता, लढाऊ विमानं तिथून उडत. तळाच्या कडेकडेने जो रस्ता होता, तोच युद्धानंतर शर्यतीचा मार्ग झाला. एक फेरी 2.4 मैलांची. जमिनीचे मालक ड्यूक ऑफ रिचमंड, तिकडच्या बोलीत फ्रेडी मार्च. सरदार असूनही स्वतः ब्रुकलँड्सच्या जुन्या शर्यतमार्गावर शर्यत जिंकलेला गडी. 18 सप्टेंबर 1948 ला त्यांनी मार्ग खुला केला, आणि त्या दिवशी 500 सीसीच्या छोट्या गाड्यांची शर्यत एका पोराने मारली. आदल्याच दिवशी त्याला एकोणीस पूर्ण झाली होती. स्टर्लिंग मॉस, पुढे जगभर गाजलेला शर्यतपटू. याच मार्गावर 1962 च्या ईस्टर मंडेला, सेंट मेरीज नावाच्या वळणापाशी त्याची लोटस गाडी बांधावर आदळली. महिनाभर बेशुद्ध होता. वाचला, पण अव्वल शर्यतीतून कायमचा उठला. जिथे पोरवयात बाजी मारली तिथेच डाव मोडला.

1966 ला तिथल्या शर्यती बंद झाल्या. 1998 ला फ्रेडींच्या नातवाने पुन्हा सुरू केल्या, पण अट अशी की गाड्या 1966 पर्यंतच्याच. आणि माणसंही! म्हणजे पोशाख त्या काळचा. बायका फुलाफुलांच्या झग्यात, पुरुष ट्वीडमध्ये, कोणी वैमानिक, कोणी दूधवाला. मी वडिलांचा 1956 चा बंद गळ्याचा कोट घातला आणि काळी टोपी. माझं काळाशी सगळ्यात चोख जमलं होतं, कारण बाकीच्यांनी कपडे शिवून घेतले होते, माझे ट्रंकेतून निघाले होते. डांबराच्या गोळ्यांचा वास मात्र नुसता घमघमत होता.

वासावरून आठवलं. गाड्या तापायला लागल्या आणि एक गोडसर, जळका वास आला. मी म्हटलं, हा वास ओळखीचा आहे. आणि एकदम पोटात गोळा आला. एरंडेल! आपल्यापैकी किती जणांना लहानपणी रविवारी सकाळी आजीने एरंडेल पाजलंय? हात वर करा. बघा, निम्मी सभा. तर जुन्या शर्यतीच्या इंजिनात एरंडेलाचं वंगण घालत. कॅस्ट्रॉल हे नावच मुळी कॅस्टरवरून, म्हणजे एरंडावरून आलंय. काही मंडळी अजून हौसेने ते घालतात. सगळे इंग्रज डोळे मिटून तो वास छातीत भरून घेत होते आणि मी तेवढा संडास कुठे आहे ते बघून ठेवत होतो.

शर्यतीचं थोडक्यात सांगतो. ई-टाइप जग्वार, कोब्रा, ॲस्टन मार्टिन. करोडोंच्या गाड्या, आणि मालक त्या वळणावर आडव्या घसरवत नेतात. टायर बारीक, पकड बेताची, म्हणून चालवणाऱ्याचे हात स्टिअरिंगवर ताक घुसळल्यासारखे चाललेले लांबूनही दिसतात. जग्वार पुढे गेली की मी टाळ्या वाजवायचो. 2008 पासून कंपनी टाटांची आहे, म्हणजे नात्याने पिंपरीचीच की! पोरांचीही एक शर्यत असते, ऑस्टिनच्या पायडल मारायच्या गाड्यांची. त्या गाड्या वेल्समधल्या एका खास कारखान्यात, कोळशाच्या खाणीत फुप्फुसं गमावलेल्या कामगारांनी बनवलेल्या. त्या इवल्या गाड्या आणि ते कामगार, यावर खरं तर वेगळं व्याख्यान होईल. सेक्रेटरी मान हलवतायत. नको तर नको.

पण मी शर्यतींपेक्षा जास्त वेळ कुठे घालवला? पार्किंगमध्ये. हसू नका. 1966 पूर्वीच्या गाडीतून आलात तर ती लावायला वेगळं मैदान आहे, आणि ते मैदान म्हणजे आमच्या लहानपणीचा रस्ता. मॉरिस ऑक्सफर्ड, म्हणजे आपली ॲम्बॅसडर. हेराल्ड. आणि मॉरिस मायनर! इथे मला थोडं थांबलं पाहिजे.

आमच्या काकांची मायनर होती. काका कराडला डॉक्टर. 1951 ची गाडी, 918 सीसी, जुनं साइड व्हॉल्व्ह इंजिन. गावात एक मिस्त्री होते. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला, आणि डोळे मिटून सांगायचे, ‘डॉक्टर, तिसरा मिस मारतोय.’ शाळा चौथीपर्यंत. ते काकांना नेहमी म्हणायचे, ‘या गाडीचा बोल्ट हरवला तर बाजारातला घालू नका, माझ्याकडे या. हिचं डोकं इंग्रज आहे, आटे फ्रेंच.’ आम्हाला वाटे मिस्त्रींचेच आटे जरा ढिले आहेत.

पुढे मिस्त्री वारले. काका एकदा पुण्याला आलेले असताना इथल्या एका मोठ्या गॅरेजात गाडी दिली. नाव सांगत नाही. पाट्या इंग्रजी, मेकॅनिक टाय लावलेले. त्यांनी इंजिनावरच्या एका झाकणाचा बोल्ट हरवला आणि दुसरा घातला, इंचाच्या आट्यांचा. जाईना, तर लांब पाना लावून बळंच पिळला. बिल मात्र टाईप केलेलं! रात्री काका कराडला निघाले. वाटेत तो बोल्ट हलला, तेल गळत गेलं, आणि खंबाटकीच्या चढाला इंजिन जाम. ब्लॉकमधले आटेच खाल्ले गेले होते. दोन वर्षं गाडी परसात उभी राहिली, कोंबड्या अंडी घालायच्या तीत. मग भंगारवाला आला आणि किलोवर घेऊन गेला. किलोवर हो! काकांनी वजनकाट्याकडे पाठ केली होती.

तर गुडवुडच्या त्या मैदानात एक गृहस्थ, वय माझ्याएवढं, एम.जी. टी.सी. या जुन्या इंग्रज स्पोर्ट्स गाडीखाली आडवे पडलेले. हातात व्हिटवर्थचा, म्हणजे इंग्रजांच्या जुन्या इंची मापाचा पाना. मी वाकून विचारलं, ‘आटे मिलिमीटरचे ना?’ ते सरपटत बाहेर आले. टोपीपासून चपलांपर्यंत मला बघितलं. मग तासभर आम्ही उठलो नाही. जावई सांगत आला की कोब्रा आणि जग्वारची शर्यत सुटली. म्हटलं, सुटू दे. त्या गृहस्थांनी मला कारण सांगितलं. हॉचकिस ही फ्रेंच बंदुकांची कंपनी. पहिल्या महायुद्धात तिने कॉव्हेंट्रीला कारखाना काढला, मग तिथे इंजिनं बनू लागली. 1923 ला मॉरिसने तो कारखाना विकत घेतला. यंत्रं सगळी मेट्रिक, ती बदलायची म्हणजे खर्च. पण गिऱ्हाइकांच्या मेकॅनिककडे पाने व्हिटवर्थचे. म्हणून आटे मिलिमीटरचे ठेवले आणि डोकं व्हिटवर्थचं. मॉरिसच्या त्या इंजिनांत आणि एम.जी.तही हेच वर्षानुवर्षं चाललं. चौथी पास मिस्त्रींनी हे कुठे वाचलं असेल? कुठेच नाही. बोटांना कळलं होतं. निघताना त्या गृहस्थांनी डब्यातून एक बोल्ट काढून माझ्या हातावर ठेवला.

काय? पाच मिनिटं? आठ वाजता भजनी मंडळाला हॉल द्यायचाय. बरं.

तीन कारणं, पटापट. एक, उभी गाडी जास्त बिघडते. रबरी सील सुकतात, पेट्रोलचा चिकटा होतो, ब्रेकचे सिलिंडर गंजतात. दोन, गाड्या पळतात आणि मोडतात म्हणून सुटे भाग बनवणारे जगतात, एम.जी.बी. या जुन्या स्पोर्ट्स गाडीचा अख्खा नवा सांगाडा आजही तिकडे विकत मिळतो. तीन, दुरुस्ती चालू राहिली तर पुढचा मेकॅनिक तयार होतो. संग्रहालयात काचेमागे ठेवलेल्या गाडीचा बोल्ट कोणी कशाला खोलेल? धुराचं कोणी विचाराल, तर त्या वर्षीच्या गुडवुडच्या सगळ्या शर्यती शाश्वत इंधनावर झाल्या. ‘एवढी मौल्यवान गाडी आदळली तर?’ असंही विचाराल. पत्रा आहे. ठोकून सरळ होतो.

आता आपल्याकडचं. 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, ही चांगली गोष्ट. पण रोज चालवायला मनाई. तिकडे इंग्लंडात चाळीस वर्षं झाली की गाडीला रस्ताकर नाही, वार्षिक तपासणीची सक्ती नाही, खुशाल दळण आणा. माझी पहिली सूचना, ही मनाई सैल करा. दुसरी, हयात असलेल्या जुन्या मिस्त्रींना आयटीआयमध्ये मानधन देऊन बोलवा, प्रमाणपत्र विचारू नका. जागेचंही बोलायचं होतं. मद्रासजवळ शोलावरमला युद्धातल्या धावपट्टीवर आपल्याकडेही शर्यती होत, मुंबईत जुहूला होत... हो, हो, संपवतो.

टाळमृदंग आले वाटतं. या, आत या. फक्त तो बोल्ट कुठवर पोचलाय? शेवटच्या रांगेत? नाही? उठू नका कोणी, जरा आपापल्या खुर्चीखाली बघा.