जगबुडीची पातळी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेडच्या नदीचं नाव जगबुडी. ‘जगबुडीनं धोक्याची पातळी ओलांडली’ ही बातमी पावसाळ्यात नेमानं येते. ती ऐकून कोणी देव पाण्यात ठेवत नाही. बाजारपेठेतले दुकानदार माल माळ्यावर चढवायला लागतात.

[दृश्य : पुराच्या पाण्याचा गढूळ लोट]

पुराणांतली जगबुडी मात्र ऐसपैस. ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे ४३२ कोटी वर्षं. तो मावळला की शंभर वर्षं अवर्षण, आभाळात सात सूर्य, आग, आणि मग शंभर वर्षं पाऊस. यातला पाऊस तेवढा आपल्या ओळखीचा! कलियुगाचीच अजून सव्वाचार लाखांवर वर्षं बाकी आहेत, तेव्हा घाई नाही. पण विष्णुपुराणात प्रलय चार प्रकारचे आहेत, आणि त्यांतला ‘नित्य’ प्रलय रोजचा आहे. जन्मलेलं रात्रंदिवस नाहीसं होत राहतं, तो.

कुमारिल भट्टांसारख्या मीमांसकांना, म्हणजे वेदाचा अर्थ लावणाऱ्या पंडितांना, सगळं जग एकदम बुडणं मान्यच नव्हतं. ‘न कदाचिद् अनीदृशं जगत्’: जग आजच्यासारखं नव्हतं, असं कधी झालंच नाही. त्यांची अडचण वेदाची होती. गुरूकडून शिष्याकडे अखंड चालत आलेला वेद, मध्ये प्रलय आला तर शिकवणार कोण?

[दृश्य : सडा. जांभ्यात कोरलेल्या रेषा, वरून]

कोकणातल्या काशेलीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, नेमकी ही साखळी तुटलेली दिसते. इथला कोरीव हत्ती एवढा मोठा आहे की जवळ उभं राहून तो कळत नाही. ड्रोन वर गेल्यावर सोंड दिसते. रत्नागिरीच्या कातळशिल्पांत गेंडाही आहे, जो आज कोकणात कुठेच नाही. ही चित्रं कोणत्या देवासाठी, कोणत्या विधीसाठी, हे सांगणारं कोणी उरलेलं नाही. समुद्र जागेवर, सडा जागेवर, आणि एक जग संपलेलं. मला तरी कुमारिलांची भीती सात सूर्यांपेक्षा खरी वाटते.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळानं श्रीवर्धन, दिवेआगर, दापोलीकडच्या पोफळीच्या, म्हणजे सुपारीच्या, वाड्या आडव्या केल्या. ‘जग बुडालं’ असंच तेव्हा कोणीही म्हणालं असतं. पोफळ फळाला यायला पाच-सात वर्षं लागतात, तरी लोकांनी रोपं लावली. अडतंय ते दुसरीकडेच. पोफळीवर सरसर चढून एका झाडावरून दुसऱ्यावर झोका घेणारा गडी आता शोधावा लागतो. त्याची मुलं मुंबईत नोकरीला आहेत, आणि ती वादळाच्या कितीतरी आधीच गेली.