जंतू हा शब्द कुणाचा?

नमस्कार मंडळी, जेवणं उरकली असतील तर या जरा रेडिओजवळ. आज हू शी. साहित्य लोकांच्या रोजच्या बोलीत लिहा म्हणून चीनमध्ये १९१७ पासून भांडत राहिलेला हाच तो. चाळिशीला त्याने आत्मकथन लिहिलं, १९३३ ला पुस्तक आलं. (चाळिशीलाच लिहावं हो, आपल्याकडे सत्तरी उलटल्यावर बसतात लिहायला आणि मग नुसते सत्कारच आठवतात.)

तर किस्सा ऐका. पोरगं लहान, चार वर्षांचं व्हायच्या आत वडील गेलेले, आई तेविसाव्या वर्षी विधवा. एका संध्याकाळी हा दारात उघड्या दंडांनी खेळतोय, मावशी म्हणाली सदरा घाल, गार पडलंय. आता त्यांच्या बोलीत गार आणि आई हे शब्द कानाला सारखेच लागतात, तर कार्टं फटकन म्हणालं, आई कसली, इथे बापाचाही पत्ता नाही! वर बघतो तर समोर आई. सदरा झटक्यात अंगात, पण तिने ऐकलं होतं. तेव्हा गप्प राहिली, चारचौघांत ती कधी ओरडायचीच नाही. रात्री निजानीज झाल्यावर गुडघ्यांवर बसवलं, बाप नाही याची फुशारकी मारतोस का म्हणून झापलं, रागाने थरथरत बसून राहिली, झोपूही देईना. हा रडतोय, डोळे चोळतोय. त्यातून डोळ्यावर पडदा आला तो वर्षभर हटेना, औषधं झाली, गुण नाही. कुणीतरी सांगितलं जिभेने चाटलं की जातो. एका रात्री तिने त्याला उठवलं आणि खरंच डोळा चाटला. (तुम्ही नका करू हं, सरळ डॉक्टरकडे जा.)

आता बघा, डोळा का बिघडला, तर तो लिहितो की चोळताना कसले तरी जंतू गेले. जंतू! गुडघ्यांवर बसलेल्या पोराला जंतू कुठले ठाऊक? तो शब्द अमेरिकेत शिकून आलेल्या प्रोफेसरचा. एकाच वाक्यात दोन मी, परत सांगते, दोन मी, एक रडतोय, दुसरा कारण शोधतोय.

पहिल्या प्रकरणात तर मी नाहीच. सतरा वर्षांच्या आईचं तीस वर्षांनी मोठ्या तिजवराशी लग्न ठरतं ते त्याने कादंबरीसारखं लिहिलंय, पुढे तो थाट सोडून दिला.

आणि शी हे नावही नंतर घेतलेलं, भावाने सुचवलेलं, जो जुळवून घेतो तो टिकतो त्या डार्विनच्या विचारातलं. त्या रात्री आईने हाक मारून उठवलं असेल ते घरातल्या जुन्याच नावाने.