ड्रॉपडाउनमधील शेजार

उपस्थित ग्रंथपाल आणि ग्रंथालयांची संकेतस्थळे सांभाळणारे मित्रहो,

संकेतस्थळाच्या एकाच ड्रॉपडाउन मेनूत, म्हणजे शीर्षकाखाली उघडणाऱ्या यादीत, पेज (कायमचे पान), पोस्ट (तारीखवार नोंद), कॅटेगरी (पोस्टचा वर्ग) आणि बाहेरचे दुवे एकत्र कसे ठेवावेत, हा आजचा विषय आहे. आपल्यापैकी अनेकांची संकेतस्थळे वर्डप्रेस या संकेतस्थळ बनवण्याच्या प्रणालीवर चालतात, म्हणून उदाहरणे तिथलीच घेतो. मेनूची रचना वाचक काय शोधत आला आहे त्यावरून ठरावी, तो मजकूर कोणत्या प्रकारात साठवला आहे त्यावरून ठरू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. आपण पुस्तके विषयवार लावता. ती दाखल क्रमांकाने लावली असती तर नोंदवही तपासणाऱ्याची सोय झाली असती आणि वाचकाची पायपीट.

काही वर्षांपूर्वी एका वाचनालयाचे संकेतस्थळ माझ्याकडे दुरुस्तीला आले. त्याच्या मेनूत तीन शीर्षके होती: पाने, नोंदी आणि वर्ग, म्हणजेच पेज, पोस्ट आणि कॅटेगरी. दिवाळी अंक योजनेची वर्गणी ‘पाने’खाली, अंक आल्याची सूचना ‘नोंदीं’त आणि अंकांची यादी ‘वर्गां’त सापडत असे. सभासद अर्थातच दूरध्वनी करून विचारत. चिटणीसांना मी याचे कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, “वेगवेगळे प्रकार एका मेनूत येत नाहीत, असे आम्हाला सांगण्यात आले आहे.”

हे सांगणारा अगदीच चुकीचा नव्हता. त्याचे ज्ञान जुने होते, इतकेच. पूर्वी थीममध्ये, म्हणजे संकेतस्थळाचे रूप ठरवणाऱ्या साच्यात, पेजेसची यादी छापणारी एक आज्ञा असे आणि कॅटेगरीजची यादी छापणारी दुसरी. दोन्ही एकत्र गुंफायच्या तर थीमच्या फाइलमध्ये हात घालावा लागे. जून 2010 मध्ये वर्डप्रेसची 3.0 ही आवृत्ती आली आणि हव्या त्या वस्तू हव्या त्या क्रमाने लावण्याचा मेनू मिळाला. तत्त्व मात्र त्याहून कितीतरी जुने आहे. मिनेसोटा विद्यापीठात 1991 साली तयार झालेल्या गोफर या प्रणालीत एकाच यादीत मजकूर, उपयादी आणि शोधाची सोय शेजारीशेजारी असत. प्रत्येक ओळीच्या आरंभी एका अक्षराची खूण असे. 0 म्हणजे मजकूर, 1 म्हणजे उपयादी, 7 म्हणजे शोध. ती खूण यंत्रासाठी होती, वाचकाने ती पाठ करावी अशी कोणाची अपेक्षा नव्हती. आपण मात्र तीच खूण शीर्षक म्हणून छापली.

असो. आम्ही ‘दिवाळी अंक’ या एका शीर्षकाखाली सगळे आणले आणि कार्यकारिणी प्रसन्न झाली. कार्यकारिणी प्रसन्न झाली की सूचना येतात. प्रत्येक वर्षाचा अहवाल मेनूत हवा, असा ठराव झाला; प्रत्येक व्याख्यानाचा वृत्तान्तही त्यामागोमाग आला. ओळी वाढत गेल्या आणि एके दिवशी मेनू जतन केल्यावर शेवटचे अहवाल नाहीसे झाले. पुन्हा घातले, पुन्हा गेले. ज्यांच्या कारकिर्दीचे अहवाल गळत होते, त्या माजी अध्यक्षांना यात राजकारण दिसले, आणि त्या वाचनालयाचा इतिहास पाहता त्यांना दोष देता येत नव्हता. कारण मात्र निर्जीव होते. वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिले आहे त्या पीएचपीच्या 5.3.9 या आवृत्तीपासून एका अर्जातून किती चल, म्हणजे भरलेले रकाने, स्वीकारायचे यावर मर्यादा आली आणि ती मुळात 1000 असते. त्या काळी मेनूची प्रत्येक ओळ जतन होताना दहा-बारा रकाने पाठवत असे. म्हणजे ओळींनी शंभरी गाठण्याआधीच शेपूट मुकाट्याने कापले जाई. वर्डप्रेसने 2016 मध्ये सगळ्या ओळी एकाच रकान्यात बांधून पाठवण्याची सोय केली. माझ्या मते ती मर्यादा तशीच राहिली असती तर बरे झाले असते. कार्यकारिणीला थोपवण्याचे दुसरे साधन मला अजून सापडलेले नाही.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट दाखवले आहे, तेव्हा जे सांगण्याचे कबूल केले होते ते भराभर सांगतो.

पुढचे सगळे जुन्या धाटणीच्या, म्हणजे ‘क्लासिक’, थीमपुरते आहे. तिथे मेनूतील प्रत्येक ओळ ही वर्डप्रेसच्या दृष्टीने एक स्वतंत्र छोटी नोंद असते. ती कोणत्या प्रकारच्या कोणत्या वस्तूकडे बोट दाखवते आणि कोणत्या ओळीखाली येते, एवढे तिच्यात लिहिलेले असते. म्हणून एका पेजखाली कॅटेगरी आणि तिच्याखाली बाहेरचा ओपॅक (ग्रंथालयाची ऑनलाइन ग्रंथसूची) लावण्यास काहीच अडचण नसते. टॅग किंवा आपण तयार केलेला ‘दिवाळी अंक’ हा मजकुराचा प्रकार मेनू बनवण्याच्या पानावर डावीकडे दिसत नसेल, तर वरच्या ‘स्क्रीन ऑप्शन्स’मध्ये त्याच्यापुढे खूण करावी. तरीही दिसला नाही, तर तो प्रकार कोडमध्ये नोंदवताना मेनूत दाखवण्याची परवानगी दिली आहे का, हे पाहावे.

आळस करून सगळे पत्ते ‘कस्टम लिंक’, म्हणजे हाताने टाकलेला दुवा, म्हणून चिकटवू नयेत. पेज म्हणून जोडलेल्या ओळीचा दुवा पेजचा पत्ता बदलला तरी आपोआप बदलतो, आणि पेज कायमचे काढून टाकले तर ओळही जाते. चिकटवलेला पत्ता मात्र मेलेला दुवा होऊन तसाच राहतो. कस्टम लिंक ओपॅकसारख्या परक्या ठिकाणांपुरती राखावी.

वाढत जाणाऱ्या गोष्टी, म्हणजे अहवाल आणि वृत्तान्त, एकेक करून मेनूत आणूच नयेत. त्यांची कॅटेगरी एका ओळीत जोडावी, नवा अहवाल तिथे आपोआप पोहोचतो.

आणि शेवटचा मुद्दा वरच्या शीर्षकाचा. पुष्कळ थीम ड्रॉपडाउन माउस नेल्यावर उघडतात; फोनवर माउस नसतो आणि काही वाचक फक्त कळफलक वापरतात. शीर्षक स्वतःच दुवा असेल तर बोट लागताच पान उघडते आणि खालची यादी दिसतच नाही. तेव्हा शीर्षकाशेजारी यादी उघडणारे वेगळे बटण देणारी थीम निवडावी, आणि ती घेण्यापूर्वी टॅबची कळ दाबत शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचता येते का, हे स्वतः करून पाहावे.