लघवीलाच विचारा की!

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय लहान मुलांच्या उलट्या जाणाऱ्या लघवीबद्दल. चहाच्या वेळी हा विषय काढला म्हणून रागावू नका. तान्हं मूल असलेल्या घरात दिवसभर दुसरं काय बोलतात?

किडनीतली लघवी मूत्रवाहिनीतून खाली मूत्राशयात येते. ही नळी मूत्राशयाच्या भिंतीत तिरकी शिरते, त्यामुळे मूत्राशय भरला की ती आपोआप दाबली जाते आणि परतीची वाट बंद. काही मुलांत हा तिरका भाग आखूड असतो. मग लघवी परत वर चढते. याला रिफ्लक्स म्हणतात. लघवीत जंतू असले की तेही तिच्याबरोबर वर जातात, ताप येतो, आणि असं वरचेवर झालं तर किडनीवर कायमचे व्रण राहू शकतात.

बार्शीकडच्या एक आजी दहा महिन्यांच्या नातीला घेऊन आल्या होत्या. चार दिवस ताप. सर्दी नाही, खोकला नाही. शेजारणींनी निदान केलेलंच होतं, दात येताहेत! आपल्याकडे दातांवर जेवढे आळ घेतात तेवढे चोरावरही घेत नसतील. मी लघवीचा नमुना आणायला सांगितला. दुसऱ्या दिवशी आजींनी पिशवीतून काचेची बरणी काढली. तपासणी केली तर लघवीत साखर! आई रडायला लागली. मीही चरकलो. मग काहीतरी सुचून विचारलं, “आजी, बरणी कसली हो?”

“गुळांब्याची. पण विसळून घेतली हो!”

मग निर्जंतुक डबी दिली. आजी दवाखान्याच्या पायरीवर नातीला पायांवर घेऊन पाऊण तास बसल्या, तोंडाने शू शू चाललेलं. नमुना मिळाला, संसर्ग निघाला, औषधाने ताप उतरला. पण दोन महिन्यांत पुन्हा तेच. तेव्हा मी एमसीयू सांगितली. म्हणजे लघवीच्या जागेतून बारीक नळी घालायची, मूत्राशयात क्ष-किरणांत दिसणारं औषध भरायचं, आणि मूल लघवी करत असताना चित्रं घ्यायची. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “अवो डाक्टर, लघवी उलटी जातीया का न्हाई, ते लघवीलाच इचारा की! म्हस वैरण खाईना झाली तर आमी शेण बघतो, म्हशीच्या पोटात हात घालत न्हाई.”

मी हसलो. हसायला नको होतं, कारण शास्त्रज्ञही तेच विचारताहेत. किडनीला इजा झाली की तिच्या पेशी काही प्रथिनं लघवीत सोडतात. एनगॅल नावाचं प्रथिन तर इजेनंतर काही तासांतच वाढतं. किडनीच्या नेहमीच्या तपासणीत बघतात ते रक्तातलं क्रिएटिनिन वाढायला मात्र दिवस-दोन दिवस जातात. इंटरल्युकिन-८ हे दुसरं प्रथिन म्हणजे आतल्या सुजेचा, दाहाचा सांगावा. रिफ्लक्स असलेल्या काही बाळांत संसर्ग नसतानाही तो लघवीत जास्त सापडला आहे. अडचण एवढीच की ही प्रथिनं साध्या संसर्गातही वाढतात. किडनीला त्रास होतोय एवढं लघवी सांगते, पण आपण उलटी गेलो होतो की नाही, हे खात्रीने सांगत नाही. म्हणून अजून तरी या खुणा एमसीयूची जागा घेऊ शकलेल्या नाहीत. रिफ्लक्सची १ ते ५ अशी पायरी तिच्यातच ठरते. अर्थात, पहिल्या संसर्गानंतर प्रत्येकच बाळाला ती लागत नाही. आधी सोनोग्राफी करतात. आणि खालच्या पायऱ्यांचा रिफ्लक्स बहुतेक मुलांत वाढत्या वयाबरोबर आपला आपण जातो.

तेव्हा पुन्हा सांगतो. सर्दी नाही, खोकला नाही, नुसताच ताप, तर लघवी तपासा. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी तपासा. डबी दवाखान्यातूनच आणा. नमुना तासाभरात पोचवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. आणि शाळावाल्यांनो, मुलींची स्वच्छतागृहं आधी नीट करा, संगणक कक्षाच्या उद्घाटनाचं मग बघू! दिवसभर लघवी दाबून बसणाऱ्या मुली मी रोज पाहतो.

आजींच्या नातीचा रिफ्लक्स दुसऱ्या पायरीचा निघाला आणि पुढे आपोआप गेला. आता ती शाळेत जाते. आजी दर मे महिन्यात गुळांबा पाठवतात. उत्तम असतो म्हणे. आमच्या घरचे सगळे खातात, मी फक्त बरणीकडे बघतो.