सोळा नंबर

(दृश्य: आंजर्ले खाडी, जुलै. दाटीवाटीनं उभ्या बोटी, वर निळी प्लास्टिकं. पावसाची रिपरिप.)

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. हर्णैच्या पुळणीवर या दिवसांत लिलावाचा गलका नसतो. बोटी इकडे खाडीत येऊन विसावतात. जाळी शिवायची, फळ्यांच्या फटींत कापूस ठोकायचा, इंजिन उघडायचं. या बोटीवर यंदा आणखी एक काम निघालंय. तांडेलांना, म्हणजे बोटीच्या प्रमुखांना, वायरलेस शिकायचाय.

तांडेल साठीचे. त्यातली चाळीस वर्षं दर्यावर गेली. बोट लाकडी, तिलाही पंचविशी उलटली. केबिनच्या छताला सेट टांगलाय, शेजारी देवाचा फोटो आणि वाळलेला हार. हार दरवर्षी बदलतो, सेटकडे कुणी बघत नाही.

"मुका आहे तो," तांडेल सांगतात. "दोन वर्षं झाली, अवाक्षर नाही."

शिकवणारा त्यांचा पुतण्या. मर्चंट नेव्हीत असतो, सुट्टीवर आलाय. तो सेट चालू करतो आणि एक गोल खुंटी हळूहळू उलटी फिरवतो.

(आवाज: अचानक मोठी खरखर.)

या खुंटीला म्हणतात स्क्वेल्च. खरखर जिथे थांबते तिथेच ती ठेवायची, पुढे न्यायची नाही. तांडेलांचं खरखरीनं डोकं उठायचं, म्हणून त्यांनी खुंटी पार शेवटापर्यंत पिळली होती. खरखर गेली आणि तिच्यासोबत लांबून येणारे क्षीण आवाजही गेले. मुका म्हणून ज्याला बोल लावला, त्याचे कान मालकानंच बांधून ठेवले होते.

(दृश्य: केबिनच्या टपावर पुतण्या. बांबूला नायलॉनच्या दोरीनं बांधलेला अँटेना.)

पण जुन्या बोटीचं दुखणं एकाच जागी नसतं. अँटेनाच्या वायरला मधेच एक सांधा आहे, त्यावर काळ्या टेपचे थरावर थर. पुतण्या ब्लेडनं टेप सोलतो. आतलं तांबं हिरवं पडलंय. चिमटीत धरलं तर भुगा होतो. खारं पाणी वायरच्या आत शिरून हातभर पुढे गेलंय. वायर नवीन, अखंड टाकायची. सांधा नकोच.

मग उंची. व्हीएचएफचा, म्हणजे या वायरलेसचा, आवाज साधारण सरळ रेषेत जातो, क्षितिजाच्या फार पलीकडे वाकत नाही. अँटेना पाण्यापासून ४ मीटर असेल तर त्याची नजर साडेचार सागरी मैलांची. समोरच्या बोटीचीही तेवढीच धरली तर दोघांत मिळून ९ मैल. तोच अँटेना ९ मीटरवर नेला तर त्याची एकट्याची नजर पावणेसात मैल होते. सेटवर २५ वॅट लिहिलंय म्हणून तो मुंबईपर्यंत पोचेल, असं बंदरावर बरेच जण छातीठोकपणे सांगतात. तसं काही नसतं. बांबू उंच करा.

आणि बॅटरी. ऐकायला वीज अगदी थोडी लागते, बोलायला पाच-सहा अँपिअर. थकलेल्या बॅटरीवर सेट दिवसभर ऐकत राहतो, बटण दाबलं की मात्र स्क्रीन मिणमिणते आणि विझते. म्हणजे संकटात बोट सगळ्यांचं ऐकते, तिचं कुणालाच ऐकू जात नाही.

(दृश्य: माइक तांडेलांच्या हातात.)

आता बोलायचं. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. दोन्ही एकाच वेळी होत नाही. मोबाइलची सवय लागलेल्या माणसाला इथेच अडतं. मागे शेजारच्या एका बोटीवर माइक तांदळाच्या पोत्याखाली सरकला आणि बटण दाबलेलं राहिलं. पाव तास सगळ्या दर्यानं त्या केबिनमधलं कालवणावरचं भांडण ऐकलं. लोक ओरडून सांगत होते. पण त्यांचा सेट बोलत होता ना, ऐकणार कुठून!

हे भांडण गाजलं ते सोळा नंबरवर. सोळा म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, जगभर हाक मारायचा आणि संकट सांगायचा चॅनल. तिथे हाक मारायची आणि गप्पांना बहात्तरसारख्या दुसऱ्या नंबरवर जायचं. कोणत्या पाण्यात किती मासळी, बर्फ कुणाकडे उरलाय, डिझेलचा भाव, यातलं काहीही सोळावर नाही.

"मग मोबाइल काय वाईट?" तांडेल विचारतात.

"काका, फोन कुणाला लावाल?"

"घरी."

"घरचे काय करतील?"

तांडेल गप्प. फोन ओळखीच्या माणसाला लागतो, तोही किनारा जवळ असला तर. सोळा नंबरवरची हाक अनोळखी माणसासाठी असते. तीन मैलांवरून जाणारं मालवाहू जहाज, कोस्ट गार्ड, गुजरातची एखादी बोट, ज्याला ऐकू जाईल तो. १ लाख बोटींवर उपग्रहाशी जोडलेले ट्रान्सपाँडर बसवायची सरकारी योजना २०२४ मध्ये पालघरला सुरू झाली. खोल समुद्रातून किनाऱ्याला कळवायला ती पेटी हवीच. हाकेच्या अंतरावरच्या बोटीला मात्र वायरलेसच सांगेल.

११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ कोकण किनाऱ्यावरून गेलं, तेव्हा तांडेल समुद्रात होते. त्या दिवसाचं विचारलं की ते जाळ्याची सुई हातात घेतात आणि विषय बदलतात.

(दृश्य: सेट बंद. माइकऐवजी तांडेलांच्या हातात स्टीलचा पेला.)

संकटाची हाक खऱ्या सेटवर सरावासाठी मारता येत नाही, तो गुन्हा आहे. म्हणून पेला. मेडे, मेडे, मेडे. मग बोटीचं नाव तीनदा.

तांडेल सुरू करतात. "मेडे मेडे मेडे. जलदेवी, जलदेवी, जलदेवी. काय झालं, सकाळी आम्ही निघालो तेव्हा वारा तसा बरा होता..."

खलाशी हसतात. पुतण्या नाही हसत. गोष्ट पहिल्यापासून सांगायची आपली खोड. पण बॅटरी कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून नावाच्या मागोमाग जागा. जीपीएसवरचे आकडे, नाहीतर सुवर्णदुर्गापासून पश्चिमेला इतके मैल. मग काय झालं, काय मदत हवी, माणसं किती. नावच ऐकू आलं आणि जागा राहिली, तर शोधणाऱ्यानं शोधायचं कुठे?

झाकणाखाली लाल बटण आहे. चार-पाच सेकंद दाबून धरलं की सत्तर नंबरवरून संकटाचा संदेश आपोआप जातो. सोबत बोटीचा नऊ आकडी नंबरही जातो, भारतात त्याची सुरुवात ४१९ ने होते. या सेटमध्ये तो नंबर कुणी भरलेलाच नाही, जीपीएसची वायरही जोडलेली नाही. त्यामुळे तूर्तास ते बटण शोभेचं. पुतण्यानं यादीत पहिलं काम तेच लिहिलंय.

पेला मग खलाशांच्या हातात फिरतो. त्यातले दोघे नेपाळचे, ते हिंदीत म्हणतात. चालेल. पाण्यात पडणारा माणूस तांडेलच असू शकतो.

(दृश्य: १ ऑगस्ट, पहाट. बोट खाडीच्या मुखातून बाहेर. नवा, उंच बांबू.)

तांडेल सोळावर एका ओळखीच्या बोटीला हाक मारतात. बटण सोडतात. हात माइकवरून जरा लांब धरतात, चुकून दाबलं जायला नको.

खरखर. मग आवाज.

"जलदेवी, साफ ऐकू येतंय. काय तांडेल, यंदा वायरलेसवर? कुठल्या पाण्यात निघालात? मासळीची काही खबर..."

"बहात्तरवर ये," तांडेल म्हणतात. "ओव्हर."