पाण्याच्या घड्याळावरचे गाव

सकाळचे साडेसहा वाजले आहेत. पडद्यावर दिसणारी ही होडी चिखलात एका कुशीवर कललेली आहे, तिच्या नांगराचा दोर सैल होऊन वाळूत वेटोळे घालून पडला आहे आणि पाणी तिच्यापासून कितीतरी मागे हटले आहे. नवख्या पाहुण्याला ती कोणी टाकून दिली आहे असे वाटेल. गावातल्या माणसाला मात्र ती पुन्हा कधी तरंगू लागेल याची वेळ तोंडपाठ असते.

समुद्रकाठचे छोटे गाव एका दिवसात पाहायचे असेल, तर सर्वांत आधी ओहोटीची वेळ विचारून घ्यावी. बाकीच्या चौकश्या नंतर केल्या तरी चालतात. बहुतेक पाहुणे सावकाश उठून भर दुपारी किनाऱ्यावर येतात. त्या वेळी भरती असली, तर गावाचा निम्मा मुलूख पाण्याखाली गेलेला असतो आणि आपण काय पाहिले नाही हेसुद्धा त्यांना कळत नाही.

जगातल्या बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते तोवर चंद्र आपल्या कक्षेत थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला पुन्हा गाठायला तिला आणखी ५० मिनिटे लागतात, आणि म्हणूनच लागोपाठच्या दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर पडते. यामागचे चंद्रसूर्यांचे आकर्षण न्यूटनने १६८७ मध्ये उलगडून दाखवले. पाणी प्रत्यक्षात किती चढेल हे मात्र किनाऱ्याचा आणि समुद्रतळाचा आकारही ठरवतो. भूमध्य समुद्राच्या बहुतेक किनाऱ्यांवर ही चढउतार जेमतेम जाणवते, तर कॅनडातील फंडीच्या उपसागरात ती १६ मीटरपर्यंत जाते. आपण पाहतो आहोत तो दिवस पौर्णिमेनंतरचा दुसरा आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराची मोठी, उधाणाची भरती बऱ्याच ठिकाणी अशी एकदोन दिवस उशिराच आपला पूर्ण जोर दाखवते. आनंदाला उधाण आले असे आपण सहज म्हणून जातो. त्या शब्दाची दुसरी बाजू या खडकांवर दिसते, कारण ज्या दिवशी पाणी सर्वाधिक चढते, त्याच दिवशी ते सर्वाधिक ओसरते.

सात वाजता ओहोटी पुरी होते. आता खडकाकडे जवळून पाहू. अगदी वर, जिथे फक्त तुषार पोहोचतात, तिथे सूक्ष्म जीवांच्या थराने काळवंडलेला पट्टा आहे. त्याखाली पांढुरक्या, खरखरीत बार्नेकलची दाटी आहे, आणि आणखी खाली ओले शेवाळ. कोण किती वेळ उन्हात तग धरू शकतो यावर वरची हद्द ठरते, तर खालची हद्द बरेचदा शेजाऱ्यांशी चाललेल्या जागेच्या भांडणात आणि शिकाऱ्यांच्या तोंडी ठरते. बार्नेकल हा कोळंबी-खेकड्यांच्या गोतावळ्यातला प्राणी आहे. तो एकदा डोके खडकाला चिकटवून बसला की जन्मभर हलत नाही आणि पाणी आले की पायांनी अन्न ओढून घेतो. त्याच्या शेजारी शंकूच्या आकाराचे छोटे कवच दिसते, ते लिंपेटचे. कित्येक जातींचे लिंपेट भरतीत खडकावर चरून येतात आणि ओहोटीपूर्वी नेमके स्वतःच्या जागी परततात. त्या जागेवर कवचाच्या कडेबरहुकूम खाच पडलेली असते. खडक खरवडणारे त्यांचे दात तोवर ज्ञात असलेल्या कोणत्याही जैविक पदार्थापेक्षा बळकट असल्याचे २०१५ मध्ये ब्रिटनमधील पोर्ट्समथ विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले. नखाएवढ्या या प्राण्यासमोर अर्धा तास बसणे हा आमच्या मते दिवसातला सर्वांत चांगला अर्धा तास आहे.

मात्र इथे रेंगाळताना एक हिशेब लक्षात ठेवावा लागतो. पाणी एकसारख्या गतीने चढत नाही. भरतीच्या सहा तासांत चढणाऱ्या पाण्याचे ढोबळ बारा वाटे केले, तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि शेवटी एक असे पाणी वाढते. पहिला तास माणसाला गाफील करतो, आणि पुढच्या दोनतीन तासांत परतीची वाट बुडते.

परतताना ओल्या पुळणीवर जरा जोर देऊन पाऊल ठेवावे. पावलाभोवतीची वाळू क्षणभर फिकी, कोरडी पडते आणि पाऊल उचलले की ठशात पाणी साचते. घट्ट बसलेले कण दाबामुळे एकमेकांवरून सरकतात, त्यांच्यामधल्या फटी वाढतात आणि वरचे पाणी आत ओढले जाते. ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ मध्ये याचे स्पष्टीकरण दिले.

सव्वा वाजता भरती पूर्ण होते. सकाळची होडी आता सरळ उभी राहून दोराला हिसके देत आहे. हा वेळ गल्ल्यांचा. उन्हाने जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून खारे वारे येतात. रात्री याच्या उलट, जमिनीकडून मतलई वारे वाहतात. केवळ शिडावर चालणाऱ्या होड्या पहाटेच्या मतलईवर बाहेर पडत आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परतत. वाऱ्यातल्या मिठाने बिजागऱ्या, खिळे, कुंपणाच्या तारा गंजून तांबूस झाल्या आहेत, आणि किनाऱ्याकडची झाडे एका बाजूने कातरल्यासारखी जमिनीकडे झुकली आहेत.

समुद्र हाकेच्या अंतरावर असताना या विहिरीचे पाणी गोडे कसे, हा प्रश्न इथे पडायलाच हवा. पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने त्याच्यावर भिंगाच्या आकारात तरंगत राहते. या गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा १ मीटर उंच असेल, तर त्याचा साठा समुद्रपातळीखाली सुमारे ४० मीटर खोल जातो. उलट हिशेब तितकाच कठोर आहे: उपसा करून पातळी १ मीटरने खाली आणली, तर कालांतराने तळातले खारे पाणी ४० मीटरने वर सरकते.

दुपार कलते तशी दीपगृहाकडे जाणारी वाट मोकळी होते. फ्रान्समधील ऑगस्तँ फ्रेनेल यांनी काचेच्या लोलकांची वर्तुळे एकाभोवती एक रचून दिव्याचा विखुरणारा प्रकाश एका दिशेला वळवला, आणि १८२३ मध्ये त्यांचे भिंग कोर्दुआँच्या दीपगृहात प्रथम बसवले गेले. पुळणीवर उभ्या माणसाचे डोळे पाण्यापासून १.७ मीटर उंचीवर असतील, तर अथांग म्हणून आपण ज्याच्याकडे पाहतो त्या समुद्राचे क्षितिज ५ किलोमीटरसुद्धा दूर नसते. ३० मीटर उंचीवरून ते सुमारे २० किलोमीटरवर जाते. दीपगृह उंच बांधण्यामागे एवढे साधे गणित आहे. दिवा किती सेकंदांनी आणि कितीदा चमकतो, यावरून खलाशी तो कोणत्या किनाऱ्याचा आहे हे ओळखतात.

सात वाजून पंचवीस मिनिटांनी पुन्हा ओहोटी पुरी होते. चंद्र अजून उगवलेला नाही. होडी सकाळच्याच चिखलात टेकली आहे, पण या वेळी दुसऱ्या कुशीवर, आणि तिचा दोर पुन्हा सैल पडला आहे. रात्री पावणेदोनच्या सुमारास, भरती पूर्ण होताना, ती परत तरंगत असेल, तेव्हा पाहुणे झोपलेले असतील. खडकावरचे तेच लिंपेट उद्या ज्याला पाहायचे असेल, त्याने सातला येऊन उपयोग नाही. आठला दहा मिनिटे कमी असताना यावे.