बिनहुकमाचं नातं

(दृश्य : थेम्सचा काठ. लाल विटांचं जुनं प्रवेशद्वार.)

लंडनमधला हा लॅम्बेथ पॅलेस. कँटरबरीच्या आर्चबिशपांचं निवासस्थान. जगभरातल्या अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या ख्रिस्ती लोकांत या पदाला मोठा मान आहे. पण मानच. नायजेरियातल्या किंवा कॅनडातल्या बिशपची नेमणूक इथून होत नाही, की बदलीही होत नाही. प्रांत, म्हणजे देशोदेशीच्या स्वायत्त मंडळ्या, ४२; प्रत्येकाची घटना वेगळी, धर्मसभा वेगळी, कायदे वेगळे.

वरून सांगणारं कुणी नसताना ही घरं एकमेकांना आपली का म्हणतात, हे समजायला स्कॉटलंडला जावं लागतं.

(दृश्य : ॲबरडीन.)

साल १७८४. अमेरिका नुकतीच स्वतंत्र झालेली. कनेटिकटच्या धर्मगुरूंनी बिशपपदासाठी निवडलेले सॅम्युएल सीबरी अभिषेकासाठी इंग्लंडला आले होते. पण तिथल्या कायद्याप्रमाणे बिशपला राजनिष्ठेची शपथ घ्यावीच लागे. नव्या प्रजासत्ताकाचा माणूस ती कशी घेणार? अखेर १४ नोव्हेंबरला, ॲबरडीनमध्ये, ही अट लागू नसलेल्या तीन स्कॉटिश बिशपांनी त्यांच्या मस्तकावर हात ठेवून त्यांना बिशप केलं. राजा सुटला, पण बिशपांची परंपरा सुटली नाही.

पुढे १८६७ मध्ये जगभरातल्या अँग्लिकन बिशपांची पहिली सभा, लॅम्बेथ परिषद, भरली. दक्षिण आफ्रिकेत बिशप कोलेन्सो यांच्या बायबलविषयक लिखाणावरून वाद पेटला होता. आर्चबिशप लाँगली यांनी सर्वांना बोलावलं. ही सभा कायदे करणार नाही, हेही सांगून टाकलं. ७६ बिशप आले. खुद्द यॉर्कचे आर्चबिशप आले नाहीत. आजही या परिषदेचे ठराव कोणत्याही प्रांतावर बंधनकारक नसतात.

या सैल गाठीची किंमत माणसांनी मोजली आहे. मला आधी आठवतात त्या ली टिम-ओई.

(दृश्य : मकावचं जुनं छायाचित्र.)

दुसरं महायुद्ध. हाँगकाँगजवळचं मकाव निर्वासितांनी भरलेलं, आणि प्रभुभोजन (भाकरी-द्राक्षारसाचा विधी) द्यायला पाळक पोचू शकत नव्हते. मंडळी सांभाळत होत्या डीकन, म्हणजे पाळकाच्या खालच्या पायरीवरच्या सेविका, ली. २५ जानेवारी १९४४ रोजी हाँगकाँगचे बिशप रोनाल्ड हॉल यांनी त्यांना पाळकीय दीक्षा दिली. अँग्लिकन मंडळ्यांत एका स्त्रीला अशी दीक्षा पहिल्यांदाच मिळत होती. हॉल यांना रोखणारं कुणी नव्हतं. नंतर उसळलेल्या विरोधात लींच्या पाठीशी उभं राहील असंही कुणी वर नव्हतं. १९४६ मध्ये त्यांनी सेवेचा परवाना परत केला. दीक्षा मात्र नाकारली नाही.

प्रश्न पंचवीस वर्षं तसाच पडून राहिला. १९७१ मध्ये केनियात, लिमुरूला, अँग्लिकन सल्लागार परिषद पहिल्यांदा भरली तेव्हा हाँगकाँगच्या बिशपांनी सल्ला मागितला. मतं पडली २४ विरुद्ध २२. दोन मतांचा फरक! आणि उत्तरही ‘द्या’ असं नव्हतं. तुम्ही स्त्रियांना दीक्षा दिलीत तर आम्हाला ते मान्य असेल, आणि इतर प्रांतांनी तुमच्याशी नातं राखावं म्हणून आम्ही प्रयत्न करू, एवढंच. मला या वाक्यात सगळी अँग्लिकन रीत दिसते. त्याच वर्षी हाँगकाँगमध्ये दोन स्त्रियांना दीक्षा मिळाली. इंग्लंडमध्ये त्यासाठी १९९४ उजाडलं.

ताण आता फार वाढला आहे. समलिंगी संबंधांच्या प्रश्नावरून २००८ मध्ये दोनशेहून अधिक बिशप लॅम्बेथ परिषदेला गेले नाहीत. सर्वांना बांधणारा एक करार मांडला गेला. तो इंग्लंडच्याच बहुसंख्य धर्मप्रांतांनी, म्हणजे एकेका बिशपाच्या हाताखालच्या विभागांनी, २०१२ मध्ये नाकारला. ऑक्टोबर २०२५ मध्ये सेरा मुलाली यांचं नाव जाहीर झालं, कँटरबरीच्या पहिल्या स्त्री आर्चबिशप म्हणून. त्याच महिन्यात गॅफकॉन या पुराणमतवादी गटाने कँटरबरीभोवतीची सगळी रचनाच अमान्य केली.

(दृश्य : एका लहान चर्चमधली सकाळ. वाचनपीठावर एक कागद.)

प्रार्थनेसाठी अँग्लिकन मंडळ्यांची एक यादी असते. रोज जगातल्या कुठल्यातरी धर्मप्रांताचं नाव. वाचणाऱ्याने तो प्रदेश बहुधा पाहिलेला नसतो, नावाचा उच्चार अडखळतो. तो एकदा थांबतो, नाव पुन्हा नीट म्हणतो, आणि मंडळी प्रार्थनेसाठी माना खाली घालते.